अर्धा तास फुकट

परभणी जिल्ह्यात बाहेरचा निरोप बहुतेक रुळांच्या कडेनं आला. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत विसाव्या शतकाच्या तोंडावर सिकंदराबादपर्यंत पोचली. तिच्याबरोबर तारेचे खांब आले. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा इथल्या स्टेशनमास्तरांच्या टेबलांवर कडकट्ट वाजू लागलं. शंभरावर वर्षांनी याच रुळांलगत चर खणून रेलटेल या रेल्वेच्या कंपनीनं काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, पुरली आणि तिच्या जोरावर फलाटावर वायफाय सुरू झालं. या दोन तारांच्या मधल्या काळात निरोप विकण्याचे किती तरी धंदे जिल्ह्यात उभे राहिले आणि बसले. हॉटस्पॉटचा धंदा हे त्यातलं सगळ्यात धाकटं भावंड, आणि थोरल्यांची हकीकत सांगितल्याशिवाय त्याची तब्येत का सुधारत नाही हे कळत नाही.

टेलिफोनपासून सुरुवात करू. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी फोन असायचा तो अडत दुकानात, डॉक्टरकडे, तहसीलीत आणि एखाद्या वकिलाकडे. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे ‘पीपी’ अशी दोन अक्षरं. पुण्या-मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून एक्सचेंजकडून घंटी येईपर्यंत बसून राहायचं. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं देशी बनावटीची छोटी एक्सचेंजं खेड्यापाड्यांत जाऊ लागली, आणि त्यांच्या पाठोपाठ पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आले.

बूथ या गोष्टीकडे धंदा म्हणून नीट पाहायला हवं, कारण पुढं तीस वर्षांनी सरकारनं वायफायसाठी जी योजना आखली ती याच बूथवर डोळा ठेवून आखली. बूथवाल्याला टेलिफोनचं शास्त्र येण्याची गरज नव्हती. लाइन सरकारची आणि मीटरही सरकारमान्य. त्याच्याकडे टेबल, काचेची खोली, लाल आकडे पळवणारी पेटी आणि बिलाची पट्टी फाडून देणारा छोटा प्रिंटर, बस्स. प्रत्येक कॉलमागं ठरावीक कमिशन. अपंगांना बूथ देताना प्राधान्य होतं, त्यामुळे किती तरी घरं त्यावर उभी राहिली. रात्री उशिरा दर पावपर्यंत उतरायचे म्हणून स्टेशन रोडवर जेवणं झाल्यावर खरी गर्दी. आपला नंबर लागेपर्यंत माणसं बाहेर पायरीवर बसायची, तिथं चहा खपायचा, पान खपायचं, बूथवाल्यानं शेजारी ठेवलेल्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या रिकाम्या व्हायच्या. बूथ चालला तो दोन कारणांनी: गिऱ्हाइकाला दुसरा इलाज नव्हता, आणि त्याला थांबावं लागत होतं. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि पहिलं कारण गेलं. पिवळ्या पाट्या उतरायला मग फार वर्षं लागली नाहीत. काचेच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं.

त्याच सुमाराला सायबर कॅफे आले. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं, पण जिल्ह्याच्या गावी ते ‘कॅफे’ होऊन यायला काही वर्षं गेली. ताशी भाडं, डायल-अपची ती घरघर, आणि पान उघडेस्तोवर गिऱ्हाइकाच्याच पैशानं चाललेलं घड्याळ. दहावी-बारावीच्या निकालादिवशी कॅफेच्या दारात जी झुंबड उडायची ती आठवत असेल. आसन क्रमांकाची चिठ्ठी आत जायची, आतून छापलेला कागद बाहेर यायचा. रांगेतल्या बहुतेकांनी कीबोर्डला हातही लावलेला नसायचा. निकाल ते विकत घेत होते, इंटरनेट नव्हे. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं अभिमानानं म्हणणाऱ्या गावाला इथं थोडी जगातली गोष्ट सांगायला हरकत नाही, त्यातून तिच्यात जर्मनीही आहेच. अमेरिकेनं १९८५ मध्ये रेडिओलहरींचे काही पट्टे बिनपरवाना वापराला मोकळे केले. त्यातून बिनतारी जाळ्याचं तंत्र वाढलं आणि १९९९ मध्ये त्याला ‘वायफाय’ हे बाजारू नाव मिळालं. स्टारबक्सच्या कॉफीच्या दुकानांत वायफाय विकायला निघाली मोबाइलस्टार नावाची कंपनी. साल २००१. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं दिवाळं वाजलं. दुकानागणिक महागडी लाइन घ्यायची, यंत्रं बसवायची, आणि लॅपटॉप घेऊन बसणारे मोजके लोक कधी येतात याची वाट पाहायची, हा हिशेब जुळणाराच नव्हता. तिचं सामानसुमान जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमच्या अमेरिकी कंपनीनं, म्हणजे पुढच्या टी-मोबाइलनं उचललं. काही वर्षं वायफाय पैसे घेऊन विकलं गेलं. शेवटी १ जुलै २०१० पासून स्टारबक्सनं ते सगळ्यांना फुकट करून टाकलं. माणूस बसला की दुसरी कॉफी घेतो, हे त्यांना वायफायच्या कूपनपेक्षा परवडत होतं. २०१३ मध्ये ते जाळं चालवायला गुगल आलं. हॉटस्पॉटच्या धंद्याचं बरंचसं गणित या एका दुकानात दहा-बारा वर्षांत मांडून झालं होतं, फक्त ते भारतात कुणी वाचलं नाही. किंवा वाचलं, पण आपल्याकडे वेगळं होईल असं वाटलं.

भारतानं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना केला तो जानेवारी २००५ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांत एक प्रकरण घडलं, आणि परभणीच्या फलाटावर आज जो ओटीपी मागितला जातो त्याचं मूळ तिथं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल आला होता. माग काढत पोलिस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी रहिवाशाच्या फ्लॅटवर. त्याच्या राउटरला पासवर्डच नव्हता. बाहेरून कुणी तरी त्याची लहर पकडून पत्र धाडलं होतं. पुढच्या महिन्यात असंच पत्र माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यावरून गेलं, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांवेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तीनदा तोच प्रकार, आणि तिन्ही वेळा मुंबईच्या परिसरात.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं फर्मान काढलं: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. एक तर ओळखपत्राची प्रत घ्या, नाही तर मोबाइलवर संदेश पाठवून खात्री करा. सायबर कॅफेंसाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यात वर्षभराची नोंदवही होती आणि आडोशाच्या फळीची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको इथपर्यंत बारकावा होता. सुरक्षेच्या बाजूनं हे रास्त म्हणा. पण त्यामुळे चहावाल्यानं सहज राउटर लावून ठेवावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं वापरावं, हा प्रकार भारतात बेकायदा ठरला. वायफाय देणारा प्रत्येकजण ओळख तपासणारा चौकीदार झाला. आणि एक विनोद कायमचा होऊन बसला: ज्याच्या मोबाइलला रेंज नाही त्याला वायफाय हवं, पण वायफायचा ओटीपी यायला मोबाइलला रेंज हवी.

सप्टेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान गुगलच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत गेले तेव्हा चारशे रेल्वे स्टेशनांवर वायफाय देण्याची घोषणा झाली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली. काचेची तार रेलटेलची, वायफायची यंत्रणा गुगलची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती. मराठवाड्याला त्या उन्हाळ्यात रुळांवरून काय हवं होतं ते वेगळं सांगायला नको.

तरी स्टेशनचं वायफाय चाललं, आणि चांगलं चाललं. जून २०१८ मध्ये आसामात दिब्रुगडला चारशेवं स्टेशन झालं तेव्हा महिन्याला ऐंशी लाखांवर माणसं ते वापरत होती आणि एकेक जण एका बैठकीत सरासरी साडेतीनशे एमबी ओढत होता. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालानं याच वायफायवर व्याख्यानं ऐकत लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा काढली, त्याची बातमी देशभर झाली. गुगलनं चारशेच्या वर स्टेशनं केली. बाकीची हजारो रेलटेलनं स्वतः आणि इतरांची मदत घेऊन. थांबे वगळले तर देशातलं जवळजवळ प्रत्येक स्टेशन त्या जाळ्यात आलं आणि ‘रेलवायर’ हे नाव दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातही फोनच्या पडद्यावर दिसू लागलं.

गुगलचा यात धर्मादाय किती आणि धंदा किती? धंदाच होता, आणि त्यात वावगं काही नाही. नवा माणूस इंटरनेटवर आला की तो शोधणार, व्हिडिओ पाहणार, म्हणजे जाहिरात पाहणार. लॉगिनच्या पानावरही जाहिरात लावता येत होती. पण या गणितात एक गृहीत होतं: मोबाइलचा डेटा महाग राहणार. ते गृहीत एकट्या गुगलचं नव्हतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, जुलै २०१६ मध्ये सार्वजनिक वायफायवर एक चर्चापत्र काढलं. त्यात हिशेब होता की मोबाइलवर एक एमबी सरासरी २३ पैशांना पडतो, वायफायवर तो २ पैशांहून कमीत देता येईल. हिशेब बरोबर होता. चर्चापत्र निघून दोन महिने व्हायच्या आत, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. मार्च २०१७ अखेरपर्यंत सगळं फुकट. त्यानंतर ३०३ रुपयांत २८ दिवस, रोज एक जीबी. भागून पाहा, एमबी एका पैशाच्या आसपास आला. वायफायचा स्वस्तपणा ज्या आकड्यावर उभा होता, त्याच्या निम्म्यावर मोबाइल जाऊन बसला.

फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलनं हात काढून घेतला. कारण उघड सांगितलं: भारतात डेटा आता जगात सगळ्यात स्वस्तांपैकी आहे, पाच वर्षांत ९५ टक्क्यांनी उतरला आहे, लोकांना आमच्या वायफायची तेवढी गरज उरली नाही. रेलटेलनं यंत्रणा पुढं चालवली आणि मार्च २०२१ मध्ये दर लावले. रोज पहिला अर्धा तास फुकट, एका एमबीपीएसच्या वेगानं. त्यापुढं वेग हवा तर दिवसाला ५ जीबीचे १० रुपये, महिन्याला ६० जीबीचे ७०. दर अगदी माफक आहेत. पण नंदिग्राम एक्स्प्रेसला नाही तर देवगिरी एक्स्प्रेसला बसायला आलेल्या माणसाच्या खिशात आधीच दीड जीबीचा दिवस शिल्लक असतो. गाडी अर्धा तास उशिरा असेल तर फुकटात भागतं, आणि दोन तास असेल तर तो आपला डेटा काढतो.

आता परभणीच्या गावांत काय चाललं होतं ते पाहू, कारण खरी माहिती तिथं आहे. २०१७ च्या जून अखेरीस राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. जुलैच्या शेवटापासून २२ सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यातला शेतकरी ‘आपले सरकार’ केंद्रांच्या दारात होता. आधार कार्ड, पासबुक, कर्जखात्याचा नंबर, आणि नवराबायकोनं दोघांनी येऊन अंगठा द्यायचा. खुरपणीनं झिजलेला अंगठा यंत्राला उमटत नव्हता. ‘सर्व्हर डाऊन’ हे इंग्रजी त्या दोन महिन्यांत आज्यांनाही पाठ झालं. दिवसा साइट चालत नाही म्हणून रात्री बारानंतर केंद्रं उघडी, माणसं बाहेर पोत्यावर आडवी. तेव्हा सोयाबीन, कापूस रानात उभा होता आणि मजुरी बुडत होती.

त्या रांगेतल्या पुष्कळांच्या किंवा त्यांच्या पोरांच्या खिशात जिओचं सिम होतं. इंटरनेट त्यांच्यापाशी होतं. त्यांना हवा होता तो फॉर्म भरून देणारा, अंगठ्याचं यंत्र असणारा, पावती छापून देणारा आणि चुकलं तर शिव्या खायला जागेवर सापडणारा माणूस. दहावीच्या निकालाची तीच रांग, फक्त वय वाढलेलं. पुढं ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणीचं ॲप आलं तेव्हा शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि रेंजसाठी बांधावर चढायचं, ही कसरत सुरू झाली. २०२३ च्या खरिपात पीकविमा एका रुपयात झाला, त्यात केंद्रचालकाला अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये होते. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेसाठी बहिणी आल्या. दर हंगामाला नवा फॉर्म, आणि फॉर्मबरोबर रांग. जिंतूर, पालम, सोनपेठच्या बाजारात ‘ऑनलाइन सेंटर’ या पाटीचं दुकान त्यावर चालतं. आत फायबरची लाइन असते, वायफाय असतं, आणि मालक ते विकत नाही. विकायला त्याच्याकडे त्याहून चांगला माल आहे.

सरकारची योजना मात्र पुन्हा डेटाच्या पुडीवरच बेतलेली निघाली. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी मंजूर केली. कल्पना पीसीओचीच, नावही तसंच: पीडीओ, पब्लिक डेटा ऑफिस. किराणावाला, चहावाला, कुणीही राउटर लावून वायफाय विकावं. त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. गिऱ्हाइकाची ओळख, ओटीपी, हिशेब ही फर्मानाची कटकट त्याच्या डोक्यावरून काढून एका मधल्या कंपनीवर टाकली. असे अनेक पीडीओ सांभाळणारी ती ॲग्रिगेटर. जवळचा हॉटस्पॉट शोधून देणारं ॲप तिसऱ्याचं, आणि सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉटकडे, म्हणजे पीसीओच्या काळातल्या त्याच संस्थेकडे. एकदा ओळख पटली की परभणीतलं गिऱ्हाईक पूर्ण्यातही त्याच ॲपवर चालावं. कागदावर ही रचना सुरेख आहे. २००९ पासून चहावाल्याच्या पायात अडकलेली बेडी यात खरोखरच सुटली, याचं श्रेय द्यायला हवं.

अडलं ते मागच्या लाइनवर. घरगुती फायबर घ्या आणि तेच कूपन करून विका, असं दुकानदाराला वाटलं. इंटरनेट कंपन्या म्हणाल्या, विकायचं असेल तर व्यापारी लीज्ड लाइन घ्या. तिचा खर्च घरगुती फायबरच्या ४० ते ८० पट, असं पुढं ट्रायच्याच कागदात आलं. पाच-दहा रुपयांच्या कूपनवर ती लाइन कोण पोसणार? २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. २०२४ मध्ये पीएम-वाणीचे हॉटस्पॉट देशभरात दोन-अडीच लाखांच्या घरात होते. शेवटी १६ जून २०२५ ला ट्रायनं आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबरची प्रत्येक योजना पीडीओला दुपटीहून जास्त दरानं देता येणार नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा या साऱ्याला विरोध होता. आपलंच गिऱ्हाईक आपल्याच तारेवरून दुसऱ्यानं पळवावं, हे त्यांना कसं रुचणार!

दुपटीचा हिशेब मांडून पाहू. घरी ६०० रुपयांना मिळणारी लाइन दुकानदाराला जास्तीत जास्त १,२०० ला पडेल. पाच रुपयांचं कूपन धरलं तर महिन्याला २४० कूपनं नुसत्या बिलात गेली, म्हणजे रोज आठ. त्यानंतर मधल्या कंपनीचा वाटा, राउटर, आणि वीज गेल्यावर लागणारी बॅटरी. रोज पंधरा-वीस कूपनं गेली तर चार पैसे सुटतील. जुलै २०२४ मध्ये मोबाइलची पॅकं महागली तेव्हापासून रिचार्ज संपलेली माणसं जास्त भेटतात हे खरं, पण तेवढ्यावर रोज वीस कूपनं कुणी घेईल असं मला वाटत नाही.

जिथं माणूस बसून असतो तिथं मात्र गोष्ट वेगळी. परभणीत, गंगाखेडला, सेलूला स्पर्धा परीक्षेची पोरं ज्या अभ्यासिकांत दहा-बारा तास बसतात तिथं खुर्ची, पंखा, पिण्याचं पाणी आणि वायफाय असं मिळून महिन्याचं भाडं घेतलं जातं. कूपन नाही, ॲप नाही. खरं पाहिलं तर जिल्ह्यातला चालणारा हॉटस्पॉटचा धंदा हाच, फक्त त्याला कुणी त्या नावानं ओळखत नाही. स्टेशनचं वायफाय चाललं ते गाडीची वाट पाहावी लागते म्हणून. बूथच्या पायरीवर चहा खपला, स्टारबक्सला दुसरी कॉफी खपली, ती याच हिशेबानं. वायफाय एकटं विकणारा मोबाइलस्टारपासून गुगलपर्यंत कुणी टिकला नाही, आणि किराणा दुकानासमोर कुणी अर्धा तास उभं राहत नाही.

तेव्हा राउटरची पेटी आणि कमाईचा तक्ता घेऊन एखादा एजंट तुमच्या दुकानात आला, तर पेटीकडे नंतर पाहा. लाइन कुणाची आणि महिन्याला किती, हे लेखी घ्या. मधल्या कंपनीचा वाटा किती ते विचारा. आणि तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक सरासरी किती वेळ बसतं, हे आठवडाभर स्वतः मोजा. ते पंधरा मिनिटांच्या आत निघून जात असेल, तर पेटी परत द्या.